घरचे संस्कार आणि संस्थेचा कारभार

सहकारी आणि धर्मादाय संस्थांची दफ्तरे तपासण्यात, आणि पुढे त्याच संस्थांच्या नव्या कारभाऱ्यांना शिकविण्यात माझ्या नोकरीचा सारा काळ गेला; आणि त्या अनुभवातून माझे असे मत दृढ झाले आहे की, अधिकारपदावरील मनुष्याचे नेतृत्वविषयक तत्त्वज्ञान त्याच्या भाषणांत किंवा संस्थेच्या छापील उद्देशपत्रिकेत शोधण्यात अर्थ नसतो, तर अडचणीच्या वेळी, कोणी पाहत नसताना, कोणती गोष्ट करावयास त्याचा हात धजत नाही, यावरून ते ओळखावे लागते. हा हात बहुतेक वेळा घरात घडलेला असतो. परंतु घरातून आलेला संस्कार आपल्यापाशी तत्त्व म्हणून येत नाही. तो एखाद्या मनाईच्या, सवयीच्या किंवा नुसत्या रूढीच्या रूपाने येतो, आणि त्यातला गाभा कोणता व काळाचे आवरण कोणते याचा निवाडा ज्याचा त्याला प्रौढपणी करावा लागतो. ज्याने हा निवाडा केला नाही, तो संस्थेत आपले घर चालवू पाहतो, आणि मग संस्थेचेही नुकसान होते आणि घराचेही.

या निवाड्याचे जे सर्वांत स्पष्ट उदाहरण मला ठाऊक आहे, ते महर्षी धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे यांचे. त्यांचे घराणे एके काळी बडोद्याच्या गायकवाडांना कर्ज देण्याइतके संपन्न होते, असे चरित्रकार सांगतात. अण्णांच्या बालपणापर्यंत त्या वैभवाचा मागमूस उरला नव्हता, आणि वडील केशवपंत दुसऱ्याच्या मिळकतीचा कारभार पाहून तुटपुंज्या वेतनावर संसार चालवीत होते. अशा दिवसांत गायकवाडांकडून मिळणारी दक्षिणा घ्यावयास जाण्याची गोष्ट मुलांनी काढली तेव्हा, ज्यांना आपल्या वाडवडिलांनी पैसे दिले त्यांच्यापुढे हात पसरावयाचा नाही, असे सांगून आईने त्यांना अडविले. घरात दारिद्र्य असताना ही मनाई पाळणे सोपे नव्हते, आणि ती मुलाच्या मनात खोल रुजली.

आता याच मुलाचे पुढील आयुष्य पाहा. 1896 साली पुण्यात अनाथबालिकाश्रमाची स्थापना, 1900 साली हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आश्रमाचे स्थलांतर, 1916 साली महिला विद्यापीठ, आणि वयाची सत्तरी उलटल्यानंतर युरोप, अमेरिका व आफ्रिका येथील प्रवास. या सर्व काळात अण्णासाहेबांनी जे एक काम अखंड केले, ते दारोदार वर्गणी मागण्याचे होते. आईची मनाई त्यांनी मोडली असे वरवर पाहणारास वाटेल. मला तसे वाटत नाही. आईच्या नकाराचा गाभा आपल्यासाठी फुकटचे न घेणे हा होता. मागणे हे मूळचे पाप नव्हते. तो गाभा त्यांनी इतका घट्ट धरला की फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून मिळालेल्या वेतनातलाही भाग ते सार्वजनिक कामास देत, आणि महाविद्यालयातले काम आटोपून पायी हिंगण्यास जात. स्वतःसाठी ज्याने कधी हात पसरला नाही, त्यालाच दुसऱ्यांसाठी तो निःसंकोच पसरता येतो, आणि देणाराही त्याच्या हाती पैसा ठेवताना पावतीकडे पाहत नाही. अर्थात पावती अण्णासाहेब देतच. त्यांचा हिशेबीपणा प्रसिद्ध आहे.

घराण्याच्या मानापेक्षा घराच्या रूढीशी त्यांचा झालेला सामना अधिक कठीण होता. 1893 साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पुढे आनंदीबाई झालेल्या विधवा स्त्रीशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरुड गावच्या ग्रामस्थांनी बहिष्काराचा ठराव केला आणि ज्या आईने त्यांना घडविले तिच्या घराचे दारही त्यांना काही काळ पारखे झाले. तरी मुरुड गावासाठी आपण सुरू केलेल्या फंडाचा त्यांनी त्याग केला नाही, किंवा गावकऱ्यांविषयी कटुता बाळगली नाही. शिवाय, विधवांच्या शिक्षणास लोकांचा पाठिंबा टिकावा म्हणून पुनर्विवाहाच्या चळवळीपासून त्यांनी आश्रम अलिप्त ठेवला. स्वतःचे मत ठाम असतानाही संस्थेला त्याच्या पायी धोक्यात लोटले नाही. या धोरणाबद्दल त्यांच्यावर टीका झाली आहे, परंतु संस्था ही आपल्या मतांची मिरासदारी नव्हे, ही जाणीव मला त्यांच्या साऱ्या गुणांत मोलाची वाटते.

माझ्या घरी एवढे थोर कोणी नव्हते. आजोबा एका पेढीवर मुनीम होते आणि घरखर्चाची रोजकीर्दही ते त्याच काटेकोरपणे लिहीत. संध्याकाळी रोख शिल्लक मिळाली नाही, तर घरात कोणी पैसे घेतले असे विचारावयास त्यांची सक्त मनाई असे. आधी दिवसाच्या नोंदी पुन्हा ताडून पाहावयाच्या, मग तसलमात दिलेल्या रकमा आठवावयाच्या, आणि तेवढ्यानेही मेळ बसला नाही तरच माणसांकडे वळावयाचे. आजोबांनी याला तत्त्व वगैरे नाव दिले नव्हते. मला त्याचे मोल समजले ते एका संस्थेत तपासणीस गेलो असता. तेथे रोख रकमेत तूट आली होती, कार्यकारी मंडळाने एका कारकुनाला निलंबित करण्याचा ठराव तयार करून ठेवला होता, आणि गावात त्याची बेअब्रू सुरू झाली होती. मी ठराव थांबवावयास सांगून रोजकीर्द आणि खतावणी ओळीओळीने ताडल्या, तेव्हा एका पदाधिकाऱ्याने घेतलेली तसलमात खर्ची टाकावयाचीच राहून गेली होती असे निघाले. तेव्हापासून आधी दफ्तर, मग माणूस, हा क्रम मी प्रत्येक नव्या कारभाऱ्याला शिकवीत आलो.

आजीकडून आलेला संस्कार मात्र मला जसाच्या तसा घेता आला नाही. सर्वांची पाने उठल्यावर, उरेल ते ती जेवी. लहानपणी यात मला केवळ थोरपणा दिसे. पुढे कळले की तिला दुसरा पर्यायच ठेवलेला नव्हता, आणि ज्या त्यागात नकाराची मुभा नाही त्याचे गोडवे गाणे हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. म्हणून त्या रूढीतून मी एवढेच उचलले की शेवटची पाळी प्रमुखाने आपण होऊन घ्यावी, ती कोणावर लादू नये. अनुदान लांबले की ग्रामीण संस्थांत पगार अडतात. अशा वेळी हाती असलेली रक्कम शिपायापासून वर वाटत न्यावी आणि प्रमुखाचा पगार सर्वांच्या मागून निघावा, असा माझा आग्रह राहिला.

याच संदर्भात लक्ष्मीबाई पाटील यांचे स्मरण होते. त्यांचे पती कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले, आणि निरनिराळ्या जातींची मुले तेथे एका पंक्तीस बसू लागली. त्या पंक्तीसाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले. ही हकीकत आपण भाऊरावांच्या कार्याचा अलंकार म्हणून सांगतो. वास्तविक आपल्या घरच्या सोवळ्याओवळ्यातून बाहेर पडून परक्या मुलांना आपली म्हणणे, हा त्या स्त्रीचा स्वतःचा निर्णय होता, आणि त्या वसतिगृहाच्या नेतृत्वातला तिचा वाटा त्यागाच्या नव्हे तर कर्तृत्वाच्या खाती जमा झाला पाहिजे. 1930 साली त्या निवर्तल्या. ते कार्य पुढे महाराष्ट्रभर पसरले, हे पाहावयास त्या राहिल्या नाहीत.

नेतृत्वाचे शिक्षण देणाऱ्या वर्गांत हल्ली प्रत्येकाला स्वतःचे ध्येयवाक्य लिहावयास सांगतात. त्यापूर्वी दुसरे एक काम करावे अशी या अंकाच्या वाचकांना, विशेषतः ज्यांच्या हाती एखाद्या संस्थेचा, शाळेचा किंवा पतपेढीचा अखत्यार आहे त्यांना, माझी विनंती आहे. दिवाळीला घरातली वडीलधारी मंडळी एकत्र येतील. आपल्या घराने कोणता फायदा नाकारला होता, कोणाच्या गैरसोयीवर कोणाची सोय झाली होती, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे त्यांना विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. आणि सांगणारांत घरातल्या स्त्रियांना आधी बोलू द्या.