फोटोतला कोट आणि आजीचे गोंदण

आपल्या कोणत्याही वस्तीत जा आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाऊल टाका. समोरच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब असतात. बाजूच्या भिंतीवर घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो असतात. या फोटोंकडे जरा निरखून पाहा. आजोबांच्या अंगावर काळा कोट आणि गळ्यात टाय असतो. आजी भरजरी शालू नेसून बसलेली असते. मागे निळा पडदा नाहीतर बाग. पण ज्यांनी त्या आजोबांना पाहिले त्यांना पक्के ठाऊक असते, की त्यांनी जन्मात टाय बांधला नव्हता. आणि आजी त्यांच्या शेजारी बसून फोटो काढायला कधी स्टुडिओत गेलीच नव्हती.

हा जोडलेला फोटो. एका जुन्या फोटोतला चेहरा कापून घ्यायचा, दुसऱ्याच कुणाच्या कपड्यांवर बसवायचा, तिसरीकडचा पडदा मागे लावायचा. काही लोक अशा फोटोंना हसतात. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. आपल्या वाडवडिलांच्या हयातीत कॅमेरा आपल्या दारात आलाच कितीदा? कुणाचा फोटो गिरणीच्या पासावर, कुणाचा लग्नाच्या ग्रुपमध्ये मागच्या रांगेत, तर कुणाचा १९९३ नंतर आलेल्या निवडणुकीच्या ओळखपत्रावर. माणूस गेला की पुण्यानुमोदनाच्या दिवशी पुढे ठेवायला धड फोटो नसतो. मग पोरेबाळे तो इवलासा तुकडा घेऊन स्टुडिओत धावतात.

ही युक्ती काही आपल्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्याने शोधलेली नाही. फोटोची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि पुढच्या वीस वर्षांत जोडकामही सुरू झाले. इंग्लंडमध्ये रेजलँडर नावाच्या छायाचित्रकाराने १८५७ साली तीसहून अधिक काचा एकत्र करून एकच मोठे चित्र तयार केले. पुढच्याच वर्षी रॉबिन्सनने पाच काचा जोडून मरणाच्या दारातल्या मुलीचे चित्र केले. तेव्हा हे काम अंधाऱ्या खोलीत, काचा झाकून आणि उघडून होत असे. पुढे कात्री, डिंक आणि बारीक कुंचला आला. १९९० साली फोटोशॉप आले आणि १९९४ साली त्यात थर आले. म्हणजे चेहरा एका थरावर, कोट दुसऱ्यावर आणि पडदा तिसऱ्यावर. एक थर हलवला तरी दुसरा जागचा हलत नाही.

या जोडकामाचा एक किस्सा आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेत अब्राहम लिंकनचे एक भारदस्त उभे चित्र छापले गेले. त्यात डोके लिंकनचे होते, पण धड, झगा आणि टेबल हे सगळे जॉन कॅल्हून या पुढाऱ्याच्या आधीच्या चित्रातून उचललेले होते. हा कॅल्हून गुलामगिरीचा कट्टर कैवारी होता आणि १८५० सालीच वारला होता. टेबलावरच्या कागदांवरची अक्षरेसुद्धा बदलून तिथे मुक्तीच्या जाहीरनाम्याचे नाव घातले होते. ज्याने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला त्याला गुलामगिरीच्या कैवाऱ्याचे अंग! म्हणतात, की पुढे लिंकनच्या गालावरचा तीळ भलत्याच बाजूला दिसला म्हणून ही लबाडी उघडी पडली. वाचकहो, तो तीळ लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

आता कपड्यांविषयी. आपल्या माणसाला कपडा म्हणजे नुसती हौस नाही. कुणी काय नेसावे, लुगडे किती खाली यावे, अंगावर कोणत्या धातूचा दागिना असावा, हे शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवले. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे बोलावून सांगितले, की ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते ते सोडून द्या. बायांनी ते ऐकले आणि लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलली. बाबासाहेबांच्या अंगावरचा कोट पाहून किती घरांतल्या बापांनी पोराला कोट शिवला! तेव्हा भिंतीवरच्या आजोबांना कोट मिळाला तर तो नुसता खोटेपणा म्हणता येत नाही. त्यात मान मागितलेला असतो.

पण मान द्यायच्या नादात माणूसच बदलला तर? आमच्या घरात हा प्रश्न २०१९ साली उभा राहिला.

आम्ही चार भावंडे. आजोबा सातारा जिल्ह्यातून मुंबईला येऊन गिरणीत लागलेले. त्यांचा फोटो एकच, गिरणीच्या पासावरचा. पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठा, आणि खांद्यापासून हनुवटीपर्यंत शाईचा गोल शिक्का. आजीचा फोटोही एकच, १९७१ सालचा. आत्याच्या लग्नाच्या ग्रुपमध्ये ती तिसऱ्या रांगेत, भर दुपारच्या उन्हात डोळे बारीक करून उभी. चेहरा नखाएवढा. दोघांचा मिळून एकही फोटो नाही. तो करून आत्याला द्यायचा असे आम्ही ठरवले.

स्टुडिओवाला भला माणूस होता. दोन दिवसांत फोटो हातात दिला. आम्ही तो आत्यासमोर ठेवला. आत्याने चष्मा पुसला, फोटो खिडकीपाशी नेला आणि म्हणाली, “दादा ओळखू येत्यात रं. ही बाई कोण?”

आम्ही पाहतच राहिलो. आजी गोरी झाली होती. कपाळावरचे हिरवे गोंदण गेले होते आणि त्या जागी लाल कुंकू होते. गळ्यात सोन्याचे मंगळसूत्र आणि हातांत हिरवा चुडा होता. स्टुडिओवाल्याकडे बायकांची तयार ‘बॉडी’ असते, ती त्याने लावली होती, आणि दागिने त्या बॉडीबरोबर आले होते. गोंदण त्याला डाग वाटला.

आमच्या आजीने १९५६ साली दीक्षा घेतली. त्या दिवसापासून तिने कुंकू लावले नाही. गोंदण मात्र लहानपणी टोचलेले, ते कसे जाणार? ती म्हणायची, “हे माझ्या आईनं दिलंया, ते माझ्यासंगट जाईल.” सोने तिने आयुष्यभर अंगाला लावले नाही, कारण ते घरात नव्हतेच. काळ्या कपाळावरचे ते हिरवे ठिपके ही आजीची ओळख होती. लिंकनचा तीळ जसा, तसे आमच्या आजीचे गोंदण.

आमची थोरली बहीण स्टुडिओत गेली आणि म्हणाली, “दादा, पैसे तुमचे तुम्हाला. पण आजी आमची आम्हाला द्या.” मग पंधरा दिवस तो आणि आम्ही मिळून बसलो. त्यातून जे शिकलो ते इथे सांगतो. ते आपल्या सर्वांच्या उपयोगाचे आहे.

पहिली गोष्ट, स्कॅन. मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका. काचेवरची चमक आणि हाताची सावली त्यात येते. मूळ फोटो चौकटीतून काढून स्कॅनरवर ठेवा. चेहरा लहान असेल तर इंचाला १२०० ठिपके या मापाने स्कॅन करायला सांगा. एक सेंटिमीटरच्या चेहऱ्यात मग सुमारे ४७० ठिपके मिळतात. मोठ्या फोटोत तो चेहरा तीन इंचांचा झाला तरी इंचाला दीडशेच्या वर ठिपके उरतात आणि भिंतीवर तो बरा दिसतो. मात्र कागदावरच जे उमटलेले नाही ते स्कॅनर कुठून आणणार?

दुसरी गोष्ट, उजेड. आजोबांच्या पासावर उजेड एका बाजूने आला होता, आजीवर ऊन डोक्यावरून पडले होते. स्टुडिओतल्या बॉडीवर उजेड समोरून असतो. म्हणूनच जोडलेले डोके चिकटवल्यासारखे दिसते. त्यावर सोपा उपाय म्हणून चेहरा आरशासारखा उलटा करतात. तो करू देऊ नका. त्याने तीळ, भांग आणि गोंदण बाजू बदलतात. कपडे उलटे केले तरी फसगतच, कारण पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते आणि उलटा केला की बटणे भलतीकडे जातात. ज्या बाजूने चेहऱ्यावर उजेड आहे त्याच बाजूने उजेड असलेले कपडेच शोधायला हवेत.

असे कपडे बाजारच्या तयार बॉडीत मिळेनात. तेव्हा आम्ही तयार बॉडीच नको म्हटले. आत्याचा बांधा थेट आजीसारखा. तिला पांढरे नऊवारी नेसवून, पदर डाव्या खांद्यावरून घेऊन, दुपारी गच्चीवर खुर्चीत बसवले आणि फोटो काढला. पांढरे का, तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेब पांढऱ्या वस्त्रांत होते, त्यांच्यासमोरचा समाजही पांढऱ्या वस्त्रांत होता, आणि आमच्या आजीनेही दीक्षेला पांढरेच लुगडे नेसले होते. फोटोत गुडघ्यावर ठेवलेले जे हात दिसतात ते आत्याचे आहेत. भांडी घासून, धुणी धुऊन झिजलेले. आईच्या चेहऱ्याला लेकीचे हात लागले.

आजोबांच्या कोटावरून घरात वाद झाला. धाकटा भाऊ म्हणाला, त्यांनी कोट कधी घातला? सदरा आणि धोतरच ठेवा. तेव्हा आत्याने सांगितले, की दरवर्षी १४ एप्रिलच्या मिरवणुकीला दादा शेजाऱ्यांचा कोट मागून आणत, धोतरावर घालत आणि रात्री घडी करून परत देऊन येत. मग वादच संपला. आमच्या भावाला कोट घालून खिडकीशी बसवले, उजेड पासावरच्या फोटोसारखा घेतला. टाय मात्र लावला नाही.

तिसरी गोष्ट, सांधा. डोके मानेत कापू नये, गळपट्टीच्या रेघेवर कापावे. म्हणजे सांधा कपड्याच्या कडेत लपतो. हनुवटीखाली गळपट्टीवर हलकी सावली द्यावी, नाहीतर डोके हवेत तरंगते. खांद्यांची रुंदी डोक्याच्या अडीच ते तीन पट ठेवावी. जास्त केली तर माणूस पहिलवान दिसतो, कमी केली तर बाहुली. नको तो भाग खोडण्याऐवजी झाकायला सांगावे. फोटोशॉपमध्ये तशी सोय आहे. चूक वाटली तर झाकलेले पुन्हा उघडता येते.

चौथी गोष्ट, पोत. जुना चेहरा रवाळ असतो आणि नवा कोट गुळगुळीत. लोक चेहरा घासून गुळगुळीत करतात आणि माणसाच्या सुरकुत्या घालवतात. उलटे करावे. कोटावरच थोडा रवा चढवावा. आणि सगळा फोटो काळा-पांढरा ठेवला तर रंग जुळवण्याचा अर्धा त्रास वाचतो, गोरे करण्याचा मोहही होत नाही. आम्ही तसेच केले.

काय काढावे आणि काय ठेवावे, याचा आम्ही एक साधा नियम धरला. जे कागदावर पडले ते काढावे, जे माणसावर होते ते ठेवावे. गिरणीचा शिक्का कागदावर होता, तो पुसला. पाण्याचा डाग आणि घडीची रेघ पुसली. आजीचे गोंदण, आजोबांच्या भुवईवरची जखमेची खूण आणि दोघांचा काळा रंग ठेवला.

आता तर मोबाइलवर बोट लावले की जुना चेहरा लख्ख करून देणारी यंत्रे आली आहेत. ती वापरू नका असे आम्ही म्हणत नाही. पण ती कशी चालतात ते समजून घ्या. पुसट झालेल्या जागी मुळात काय होते हे त्या यंत्राला ठाऊक नसते. दुसऱ्या असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजाने ते डोळे, ओठ आणि दात भरते. फोटो सुंदर दिसतो, पण ते डोळे आपल्या माणसाचे असतीलच असे नाही. म्हणून असा फोटो घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवल्याशिवाय चौकटीत घालू नका. ज्याने त्या माणसाच्या हातची भाकरी खाल्ली, त्याचा डोळा यंत्रापेक्षा खरा.

आणखी एक. जोडलेला फोटो करा, त्याला कोट घाला, पांढरे लुगडे नेसवा. पण मूळ तुकडा फेकू नका. तो पाकिटात घालून जपून ठेवा. जोडलेल्या फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने लिहा, की चेहरा कुठल्या फोटोतला, कुठल्या सालचा आणि कपडे कुणाच्या अंगावरचे. आमच्या फोटोमागे तसे लिहिले आहे. उद्या आपल्या नातवंडांनी विचारले, की आजोबा रोज कोट घालत होते का, तर त्यांना खरे उत्तर मिळाले पाहिजे. कोट मागून आणावा लागत होता, हा आपला इतिहास आहे. तो झाकण्याची लाज आपल्याला नको. ज्यांनी ती पाळी आणली, लाज त्यांची.

तेव्हा बंधू-भगिनींनो, या रविवारी घरातली जुनी पेटी उघडा. गिरणीचे पास, गोदीचे बिल्ले, लग्नाचे ग्रुप, जे असेल ते बाहेर काढा. विहारातून परतताना वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना घरी बोलवा, चहा द्या आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारा. ते नाव तिथल्या तिथे लिहून घ्या. स्टुडिओ गल्लोगल्ली आहेत आणि पुढेही असतील. नावे सांगणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.