अक्काचा नंबर

बी.एस्सी.ला मी कॉलेजात पहिला आलो, तेव्हा आईनं पेढ्यांच्या आधी विचारलं, “आता किती लागतील?” साल १९९४. कॉलेज म्हणजे देवचंद कॉलेज, अर्जुननगर. सगळे त्याला आमच्या निपाणीचंच कॉलेज म्हणतात, पण ते उभं आहे कर्नाटकाच्या सीमेपलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात. त्यामुळे आमची गुणपत्रिका शिवाजी विद्यापीठाची आणि रेशनकार्ड कानडी. उत्पन्नाचा दाखलाही कानडीच. पुण्याला पाठवायचा तर आधी भाषांतर, मग त्यावर सही-शिक्का.

पुणे विद्यापीठात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या यादीत नाव लागलं. आता ठरल्या तारखेच्या आत फी भरायची, वसतिगृहाची आणि मेसची अनामत ठेवायची. नाहीतर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाची. माझ्या हातात विशेष प्रावीण्यासह पहिला वर्ग होता, पण पैसा नव्हता. पहिल्या आलेल्याला बक्षीस असे, ते मात्र स्नेहसंमेलनात, म्हणजे थंडीत. आई विडी कामगार. १९७६ च्या कायद्याखाली तेव्हा विड्यांवर उपकर होता, त्यातून कामगार कल्याण निधी उभा राही आणि कामगारांच्या मुलांना त्यातून शिष्यवृत्ती मिळे. पण शिष्यवृत्तीच्या अर्जावर शिक्का लागे, तो जिथे प्रवेश घेतला त्या संस्थेचा. फी भरल्याशिवाय प्रवेश नाही आणि प्रवेशाशिवाय अर्ज नाही. हुशार पोरं या फटीत कशी अडकतात, हे गुणवत्ता याद्या छापणाऱ्यांना कधी दिसत नाही.

आमच्या गल्लीत बायकांची भिशी होती. दरमहा शंभर रुपये, तीस जणी. सगळ्या विड्या वळणाऱ्या, नाहीतर तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या. त्या महिन्याचा नंबर शेजारच्या अक्काचा होता. अक्का आमच्या नात्यातली नव्हे. दोन घरांत भिंत एक, एवढंच. संध्याकाळी ती आणि आई उंबऱ्याशी सुपं घेऊन बसत. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं सरसर कापायची, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, टोक नखानं दुमडायचं आणि दोरा. अक्काच्या उजव्या अंगठ्याचं नख त्या दुमडण्यानं कायम झिजलेलं असे. बोलताना हात थांबत नसत. त्या दिवशी मात्र थांबले.

“नंबर पोराला देऊया,” ती आईला म्हणाली. आई गप्प. अक्काचं घर गळतं हे तिला ठाऊक होतं. पत्र्यांसाठीच तर अक्कानं दुकानदाराला शब्द देऊन ठेवला होता. “पत्रं कुटं पळून जात न्हाईत. कॉलेजची तारीख पुढं जात न्हाई म्हणतोय न्हवं त्यो?”

तीन हजार रुपये. बहुतेक दहा-दहाच्या नोटा, तंबाखूचा वास मारणाऱ्या. पुण्यातल्या खिडकीवर कारकुनानं त्या मोजल्या आणि शिंकला.

तो पावसाळा अक्कानं मेणकापडाखाली काढला. भिशीत तिचा नंबर शेवटी गेला. आमचे हप्ते आई भरत राहिली, म्हणजे हिशेबानं आम्ही कुणाचं काही लागत नव्हतो.

पुढे ग्रंथालयात आंबेडकरांचं चरित्र वाचताना मी एका जागी बराच वेळ थांबलो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. कोलंबियाची एम.ए. पदवी पदरात असतानाही! १९२० मध्ये ते पुन्हा गेले, ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्रानं दिलेलं कर्ज यांच्या जोरावर. १९२५ च्या एप्रिलमध्ये बहिष्कृतांच्या प्रांतिक परिषदेसाठी ते आमच्या निपाणीत आले होते, तेव्हा बॅरिस्टर होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बडोद्याचे सयाजीराव आणि शाहू महाराज आम्हाला शाळेपासून पाठ. भथेनांचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. वेळेवर उसने देणाऱ्याचं नाव कुठल्या पदवीपत्रावर येतं?

शिष्यवृत्ती आली ती पहिलं वर्ष संपता संपता. त्या पैशातून पत्रे घ्यायचे म्हणून मी अक्काकडे गेलो, तर पत्रे आधीच चढले होते. शेवटचा नंबर लागला होता तिचा. वर मलाच तिनं दम दिला, “मेसचं थकलंय म्हणं? आदी त्ये भर.”

नोकरी लागल्यावर एकदा धीर करून विचारलं, “अक्का, मला घ्या की भिशीत. पहिला नंबर तुमचा, माझा शेवटी.” तिनं सुपातून मान वर न करता सांगितलं, “पगारवाल्याला भिशी कशाला रं? तू ब्यांकेत जा.”