सत्रान्तीची एक आठवण

परीक्षा आटोपली आणि वसतिगृहातील आम्हां मुलांच्या वळकट्या बांधून तयार झाल्या. सामन्यांची हकीगत या अंकात अन्यत्र आहेच. (हुतूतूत आम्ही हरलो, हे तेथे थोडक्यात उरकले आहे, ते बरेच!) आम्हांस सांगावयाचे आहे ते शेवटच्या दिवसाच्या ओवीपठणाविषयी.

वसईकडील एक सोबती ‘ख्रिस्तपुराणा’तील ओव्या म्हणू लागला. त्याच्या घरगुती उच्चारांस आम्ही मोठ्याने हसलो. तो मध्येच थांबून खाली बसला. मराठीचे गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, “फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले, येथल्या लोकांच्या तोंडून भाषा शिकले, आणि १६१६ साली हे पुराण छापून निघाले. त्यांचे उच्चार कसे असतील बरे?”

कोणीच उत्तर दिले नाही.

सायंकाळी त्या सोबत्याचे वडील त्यास न्यावयास आले. त्यांनी आणलेली घरची सुकेळी त्याने सर्वांस वाटली, आम्हांसही. घेताना आमची मान वर होईना. त्याची वळकटी आम्ही फाटकापर्यंत नेली व विचारले, “राहिलेल्या ओव्या जूनमध्ये म्हणशील ना?”

“बघू,” एवढेच तो म्हणाला.