निरुपद्रवी

गेल्या श्रावणांत मीं एका सापाला चांगल्या वर्तणुकीचें प्रशस्तिपत्र दिलें, आणि दिवस मावळण्यापूर्वींच तें परत घेण्याची पाळी येते कीं काय, अशी धास्ती मला पडली.

आमच्या कोंकणांतल्या घराच्या परसाला जास्वंदीचें कुंपण आहे. पाऊस नुकताच उघडला होता. माझा दहा वर्षांचा भाचा कुंपणाशीं उभा होता. तो तेथूनच ओरडला, “मामा, वारा नाहीं, मग ही वेल हलते कशी?” जवळ जाऊन पाहतों तों ती वेल नव्हे, पोपटी रंगाचा, करंगळीएवढा जाड आणि दोन हात लांब असा हरणटोळ! वेलीनें वाऱ्यावर डुलावें तसा तो आपला आपणच डुलत होता. त्याच्या जबड्यांत एक सरडा होता. सरडा पाय झाडीत होता. साप मात्र कसलीहि घाई न करितां, विडा चघळणाऱ्या म्हाताऱ्यासारखा जबडा हळूहळू हलवीत होता.

एवढ्यांत आमचा गडी काठी घेऊन धांवत आला. “भाऊ, पोराला मागं घ्या. हा टाळू फोडतो!” हरणटोळाविषयीं ही समजूत आमच्याकडे फार जुनी आहे. तो फांदीवरून लोंबकळतो आणि खालून जाणाऱ्याच्या टाळूवर नेम धरून झेप घेतो, असें मीं लहानपणापासून ऐकत आलों. तमिळ भाषेंत तर त्याचें नांवच ‘डोळे टोचणारा’ अशा अर्थाचें आहे. मी सात वर्षांचा असतांना याच कुंपणावर एक हरणटोळ मारला गेला, आणि मारणाऱ्याला शाबासकी देणाऱ्यांत माझाहि आवाज होता. पुढें चार पुस्तकें वाचलीं आणि त्या शाबासकीची लाज वाटूं लागली.

ती लाज फेडण्याची संधि आयतीच चालून आली आहे, असें समजून मीं गड्याला काठी खालीं ठेवावयास लावली आणि भाच्यापुढें एक छोटेंसें व्याख्यान दिलें. हरणटोळाच्या डोळ्याची बाहुली आडवी असते. निमुळत्या नाकाच्या दोहों बाजूंस खांचा असल्यामुळें त्याला दोन्ही डोळ्यांनीं समोरचें भक्ष्य नेमकें दिसतें. त्याची मादी अंडीं घालीत नाहीं, जिवंत पिलांना जन्म देते. त्याचे विषाचे दांत नागासारखे पुढें नसून जबड्यांत पाठीमागें असतात, आणि ते पोकळ नसून त्यांना नुसती पन्हळ असते. एवढें सांगून मीं समारोप केला, “सारांश, हा साप अगदीं निरुपद्रवी आहे.” आणि व्याख्यानाला प्रात्यक्षिकाची जोड हवी म्हणून मीं तो हातांत उचलून घेतला.

त्यानें सरडा टाकला, तोंड मोठें वासलें आणि अंग फुगविलें. हिरव्या खवल्यांच्या मधून काळ्यापांढऱ्या रंगाचीं ठिगळें दिसूं लागलीं. तें पाहण्याच्या कौतुकांत मी असतां, माझ्या शब्दावर विसंबलेल्या त्या मुलानें बोट पुढें केलें. सापानें तें धरलें. आणि सरड्याला चघळीत होता तसेंच सावकाश चघळूं लागला.

सोडविण्यास फार तर अर्धें मिनिट लागलें असेल. संध्याकाळपर्यंत बोट सुजून पेराची घडी दिसेनाशी झाली. तालुक्याच्या डॉक्टरांनीं जखम धुतली, धनुर्वाताचें इंजेक्शन दिलें, साप कोणता होता तें तीन वेळां विचारलें आणि रात्रभर लक्ष ठेवण्यास सांगितलें. बहीण मला एक शब्दहि बोलली नाहीं. मुलाला निजविल्यावर मात्र तिनें कंदील कमी करतां करतां विचारलें, “दादा, तुला खात्री होती ना?”

“हो,” मीं म्हणालों. दिवसा हाच शब्द किती सहज तोंडांतून निघाला असता!

रात्रीं मला कार्ल पॅटर्सन श्मिट आठवले. हे अमेरिकेंतील सर्पविद्येचे मोठे अधिकारी. २५ सप्टेंबर १९५७ रोजीं शिकागोच्या प्राणिसंग्रहालयाकडून आलेला एक लहानसा आफ्रिकी साप ते ओळखीसाठीं पाहत होते. तो बूमस्लँग होता. आफ्रिकान्स भाषेंत या शब्दाचा अर्थ नुसता ‘झाडसाप’ असा आहे. याचेहि दांत मागेंच असतात, आणि एके काळीं अनेक जाणते लोक त्याला निरुपद्रवीच समजत. त्यानें श्मिट यांच्या अंगठ्याला दंश केला. साप लहान, आणि रुतलेला दांतहि एकच. तेव्हां त्यांनीं वैद्यकीय उपचार करून घेतले नाहींत. घरीं जाऊन आपल्याला काय काय होत आहे तें तेवढें ते शास्त्रज्ञाच्या निर्विकारपणें टिपीत राहिले. रात्रीं हिरड्यांतून रक्त आलें. सकाळीं त्यांनीं न्याहारी केली. त्यांना बरें वाटत होतें. दुपारीं ते गेले. वय ६७ वर्षें. अठरा वर्षांनीं, १९७५ सालीं, जर्मनींतील तितकेच थोर सर्पशास्त्रज्ञ रॉबर्ट मेर्टेन्स यांना त्यांनीं पाळलेला एक आफ्रिकी झाडसाप, डहाळीसारखा बारीक, खाऊं घालतांना चावला. तेहि वांचले नाहींत.

या सापांचें विष रक्ताची गोठण्याची शक्तिच खर्चून टाकतें. मग अंगांत जागोजाग रक्त पाझरूं लागतें. हें सारें कांहीं तासांनीं, कधीं त्याहूनहि उशिरा घडतें. त्यामुळें आरंभीं बरें वाटलें, यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. मी दर घटकेला उठून कंदिलाच्या उजेडांत मुलाच्या हिरड्या पाहत होतों. हरणटोळ म्हणजे बूमस्लँग नव्हे, हें मला ठाऊक होतें. त्याच्या दंशानें सहसा सूज आणि ठणका यांपलीकडे कांहीं होत नाहीं, हेंहि ठाऊक होतें. पण ज्ञान श्मिट यांच्याजवळहि होतें. आणि माझ्यापेक्षां किती तरी अधिक होतें!

जागरणांत माणसाला खरे प्रश्न सुचतात. विषारी आणि बिनविषारी अशीं दोन दालनें करून प्रत्येक सापाला त्यांपैकीं एकांत कोंडण्याची आपल्याला संवय आहे. निसर्गाला हीं दालनें ठाऊक नाहींत. आमच्याच परसांतल्या झाडांवर रुका फिरतो, त्याला विष नाहीं. हरणटोळाला आणि रात्रीं हिंडणाऱ्या मांजऱ्याला थोडें आहे. आणि वर सह्याद्रीच्या रानांत झाडाझुडपांवर चापडा बसतो. तोहि हिरवाच, पण घोणशीच्या कुळांतला आणि पुढच्या लांब दांतांचा. ‘हिरवा तो निरुपद्रवी’ असें माझ्या भाच्यानें त्या दिवशीं मनांत टिपून ठेवलें असतें तर? मीं त्याला साप शिकविला नव्हता. एक विशेषण शिकविलें होतें.

शिवाय हें थोडें विष म्हणजे कोणाच्या मापानें थोडें? मांजऱ्याचा एक भाऊबंद, तपकिरी झाडसाप, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत मालवाहतुकीबरोबर पॅसिफिक महासागरांतल्या ग्वाम बेटावर पोंचला आणि पुढच्या कांहीं दशकांत त्यानें तेथील बहुतेक वनपक्षी खाऊन संपविले. त्याच्या विषांतला एक घटक शास्त्रज्ञांनीं वेगळा काढून तपासला. तो पक्ष्यांना आणि सरड्यांना मारक ठरला, आणि उंदरांना त्यानें कांहीं झालें नाहीं. तें विष दुबळें नाहीं. तें दुसऱ्या कोणाच्या नांवानें लिहिलेलें पत्र आहे. चुकून आपल्या हातीं पडलें आणि आपल्याला वाचतां आलें नाहीं, म्हणून कोरें आहे असें आपण ठरवितों. बूमस्लँगचें पत्रहि सरड्यांच्या आणि पांखरांच्याच नांवानें होतें; परंतु तें श्मिट यांनाहि लागू पडलें.

पहांटे डोळा लागला. उठून पाहतों तों अंथरुणांत मुलगा नाहीं. काळजांत धस्स झालें. धांवत परसांत गेलों. तो कुंपणाशीं उकिडवा बसला होता. बोटाची सूज ओसरली होती. पेराची घडी पुन्हां दिसत होती. त्याच्यापुढें कालचा सरडा उताणा पडला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

“मामा,” तो म्हणाला, “हा तर पळूंहि शकला नाहीं. सापानें याला सोडलं होतं, तरी मेला. मग तो साप निरुपद्रवी कसा?”

“आपल्याला,” मीं म्हणालों. एका रात्रींत माझें व्याख्यान एवढेंच उरलें होतें, आणि तेंहि मीं जरा दबकतच दिलें.

त्यानें काटकीनें खड्डा उकरून सरडा पुरला. तेवढ्यांत पलीकडच्या फांदीवर एक वेल वाऱ्यावांचून हलली. गडी काठी घेऊन उभाच होता. तो माझ्या तोंडाकडे पाहूं लागला. मीं भाच्याकडे पाहिलें. मुलगा उठला, दोन पावलें मागें सरला आणि हात पाठीशीं बांधून गड्याला म्हणाला,

“मारूं नकोस. आणि हातहि लावूं नकोस.”