कानात सांगायची गोष्ट

कार्यालयात कुणाच्या अंगाला किंवा तोंडाला वास येत असेल, तर ती बातमी सगळ्यांना असते. फक्त त्या माणसाला नसते. निसर्गाचीच तशी योजना आहे. सतत येणारा वास नाक थोड्या वेळात नोंदवेनासं होतं. म्हणून स्वतःचा घाम, स्वतःचा श्वास, रोजच्या सदऱ्याचा दर्प ज्याचा त्याला जाणवत नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं, तरच कळतं. आणि आपण नेमकं तेच टाळतो. खिडकी उघडतो, उदबत्ती लावतो, डबा घेऊन दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसतो. त्या बिचाऱ्याला एवढंच कळतं की लोक आपल्याला टाळताहेत. का टाळताहेत, हे त्याला कोणी सांगत नाही.

शिवाय वासामागे नेहमी आळसच असतो असंही नाही. आमचा बुलढाणा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन भागांत नांदतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे उन्हाळ्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या कितीतरी गावांत विहिरीचं पाणी खारट. त्यात साबणाला फेस येत नाही आणि धुतलेला कपडा वाळला की कडक होतो. घाटावर बुलढाणा शहराची भिस्त येळगाव धरणावर. उन्हाळ्यात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि कित्येक गावांना टँकरची वाट पाहावी लागते. ड्रमातलं पाणी आधी पिण्याला, मग स्वयंपाकाला, मग लेकरांच्या आंघोळीला. घरातल्या कर्त्या माणसाची पाळी शेवटी. तोच माणूस गर्दीच्या एसटीत उभ्याने प्रवास करून टेबलाशी येऊन बसतो. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. काखेतल्या घामावर त्वचेवरचे जिवाणू काम करू लागतात तेव्हा तो सुटतो, आणि सुती कापडापेक्षा पॉलिस्टरमध्ये जास्त धरून राहतो. ज्याच्याकडे पाणी कमी आणि शर्ट दोनच, त्याला आपण आळशी ठरवून मोकळे होतो.

कधी कारण शरीराच्या आत असतं. हिरड्या सडल्या की कितीही दात घासा, तोंडाचा वास जात नाही. मधुमेह फार बळावला तर श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो. मूत्रपिंडं थकली तर अमोनियासारखा. अशा वेळी शेजारी बसणाऱ्याच्या नाकाला डॉक्टरांच्या आधी चाहूल लागलेली असते. तिथे गप्प राहणं म्हणजे एक इशारा दाबून ठेवणं आहे.

कारण कळण्याआधी दोष देऊ नये, हे आमच्या जिल्ह्याने अलीकडेच अनुभवलं. २०२४ सरता सरता आणि २०२५ उजाडताना शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस काही दिवसांतच गळून टक्कल पडू लागलं. आधी पाण्यावर आणि बुरशीच्या संसर्गावर संशय गेला. लोकांनी लाजेने डोकी झाकली, मुलंमुली कॉलेजला जायला कचरू लागली. पुढे तपासण्यांत रक्तात सेलेनियमचं प्रमाण जास्त आढळलं आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. या माणसांची चूक कोणती होती? तरी मान खाली घालावी लागली ती त्यांनाच.

या विषयाला आपल्याकडे आणखी एक जुनी जखम आहे. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचं जन्मगाव मानलं जातं. विटाळाच्या नावाखाली ज्यांना देवळाबाहेर ठेवलं, त्यांचा हा मुलूख. पिढ्यान्‌पिढ्या काही माणसांना ‘घाणेरडे’ म्हणूनच दूर ठेवलं गेलं. तेच गावाची घाण काढत होते आणि पाणवठ्यावर त्यांनाच मज्जाव होता. त्यामुळे ‘तुझ्या अंगाला वास येतो’ हे वाक्य प्रत्येकाच्या कानावर सारखं पडत नाही. एखाद्याला त्यात स्वतःपुरती सूचना ऐकू येते, तर एखाद्याला आजोबांपासूनचा सगळा अपमान. बोलणाऱ्याने याचं भान ठेवलंच पाहिजे.

मग बोलायचं कसं? माझ्या नोकरीच्या एका ठिकाणी असाच एक तरुण सहकारी होता. कामाला वाघ, स्वभावाने गरीब. कोणीतरी गुपचूप त्याच्या टेबलावर सुगंधी फवाऱ्याची बाटली ठेवून गेलं, तेव्हा मला राहवलं नाही. सुटी झाल्यावर बसस्टँडकडे जाताना मी त्याला म्हणालो, “तुला वाईट वाटेल, पण दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मी सांगतो. तुझ्या कपड्यांना घामाचा वास येतो. पाण्याची अडचण आहे का?” तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “बरं झालं भाऊ, तुमी सांगतलं. मले वाटे, लोकं माह्यावर कायले तरी नाराज हायेत.” भाड्याच्या खोलीत पाण्याचा एक ड्रम, धुणं आठवड्याने गावी. कार्यालयाच्या आवारात बोअरवेल होती आणि न्हाणीघर कुलपात. साहेबांशी बोलून ते उघडून घेतलं, त्याने कपाटात एक धुतलेला सुती शर्ट ठेवला. प्रश्न एवढाच होता.

अशा वेळी पुष्कळ ठिकाणी ‘सर्वांनी वैयक्तिक स्वच्छता पाळावी’ असा कागद फलकावर लागतो. तो सर्वांसाठी नाही, हे सर्वांना ठाऊक असतं. गाडगेबाबा आमच्या वऱ्हाडातले. गावात गेले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना त्यांच्याच बोलीत प्रश्न विचारायचे. तिथे बोललेला दोष साऱ्या गावाचा असे आणि बोलणाऱ्याचे हात दिवसभर त्याच घाणीत राबलेले असत. एका माणसाची अडचण सगळ्यांच्या नावाने भिंतीवर टांगणं हे त्याच्या अगदी उलट आहे. त्यात खराटा कुणीच उचलत नाही.

म्हणून माझं सांगणं असं. ज्याचं त्या माणसाशी जमतं, त्याने बोलावं. शक्यतो पुरुषाने पुरुषाशी, बाईने बाईशी. एकट्याशी बोलावं आणि काम संपल्यावर बोलावं, म्हणजे पुन्हा लगेच चारचौघांत बसावं लागत नाही. ‘लोक म्हणतात’ असं म्हणू नये; त्याने माणसाला सगळं कार्यालय आपल्या विरोधात दिसू लागतं. एकदाच आणि स्पष्ट सांगावं, कारण आडवळणाच्या बोलण्यातून फक्त टोमणा पोचतो. अडचण विचारावी, जमेल ती मदत करावी, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं त्याच्यासोबत चहाला जावं. साहेब लोकांनी न्हाणीघराचं कुलूप काढावं, नळाला पाणी आहे का ते पाहावं. स्वच्छतेचा उपदेश त्यानंतर.

पाठीमागे नाकाला रुमाल लावणं कोणालाही जमतं. समोर बसून, मान राखून सांगणारा एक माणूस प्रत्येक कार्यालयात असला पाहिजे. तुमच्या कार्यालयात तो नसेल, तर तो तुम्ही व्हा.