निवृत्ती कुणाची?

‘रजोनिवृत्ती’ या शब्दातच एक समाधान आहे. निवृत्ती म्हणजे मोकळीक. खाप्यातल्या आमच्या शेजारणी याहून थेट बोलतात : ‘सुटली बाई एकदाची!’ तीस-पस्तीस वर्षांचा मासिक जाच संपल्यावर वाटणारी ही सुटका खोटी नव्हे. प्रश्न इतकाच की, त्यानंतर शरीरात जे सुरू होते, त्याला आपल्या बोलीत नाव नाही.

ईस्ट्रोजेन हे संप्रेरक केवळ गर्भधारणेपुरते नसते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होण्यास ते हातभार लावते. वाहिन्या त्यामुळे लवचीक राहतात. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य स्त्रीच्या चार-पाच वर्षे आधी. ईस्ट्रोजेन ओसरले की वाहिन्या ताठरतात, मीठ पूर्वीसारखे मानवत नाही, कमरेचा घेर वाढतो. तरुणपणी पुरुषांहून कमी असणारा स्त्रीचा रक्तदाब साठीच्या आसपास त्यांच्या बरोबरीला येतो, पुढे वरचढही ठरतो. यात वयाचा वाटा किती आणि निवृत्तीचा किती, हा वाद संशोधकांत आहे; धमनीला त्याचे सोयरसुतक नाही.

अडचण अशी की, हा दाब स्वतःहून काही बोलत नाही, आणि चुकून बोललाच तर ऐकू येत नाही. घाम, धडधड, डोकेदुखी, तुटलेली झोप : सारे ‘त्या वयाचे’. त्यात आमचा वैशाख. कन्हानच्या वाळूवरून झळा येत असताना अंगातली आग उन्हाची की आतली, हे कोण ठरवणार? गेल्या मे महिन्यात माझा दाब १५६/९८ निघाला. दुसऱ्या आठवड्यातही तोच. १४०/९० ही मर्यादा मी कधीच ओलांडली होती, आणि मला वेगळे असे काहीच होत नव्हते.

हॉर्मोनच्या गोळ्यांनी हृदय राखता येईल, ही आशा अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’च्या २००२ सालच्या निष्कर्षांनी मावळली. उरतात ते जुनेच उपाय : चालणे, नेमाने औषध, आणि दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ. पापड, कुरडया, लोणची यांचे उन्हाळी वाळवण ज्या हातांनी होते, त्यांनाच हा हिशेब नवा आहे.

पाळी गेल्याचे घरात सांगणे आपल्याकडे अजून अवघड जाते. दाबाचा आकडा सांगण्यात तसा संकोच नाही. चाळिशी ओलांडलेल्या आईला, काकूला, वहिनीला निदान तेवढा तरी विचारावा. आणि तिला ठाऊक नसेल, तर मोजायला सोबत जावे.