आजीचा पेला

मराठी विभागाची संपादिका माझी रूममेट आहे. त्यामुळे सुटका नाही. कॉन्व्हेंटमध्ये माझा 'माझा आवडता प्राणी' हा निबंधसुद्धा चौथ्या ओळीच्या पुढे कधी गेला नव्हता, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात, ही विनंती.

तर गेल्या उन्हाळ्यात आजीला सोबत म्हणून मी टेक्सासला जाऊन आले. तिकीट मावशीचं. (टीई मेकॅनिकलवालीला एवढं कोण देतंय?) काका पवनचक्क्यांच्या साइटवर कॉन्ट्रॅक्टवर असतात. काम संपलं की गाव बदलतं, म्हणून ही दोघं घरच सोबत ओढत नेतात. त्या घराला तिकडे 'फिफ्थ व्हील' म्हणतात. मी वाकून चाकं मोजली, चारच निघाली! नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवी चकती असायची, ते पाचवं चाक. आता तसलं कपलिंग पिकअपच्या हौद्यात असतं आणि ट्रेलरच्या नाकाखालचा किंग पिन त्यात अडकतो.

पण गाडी पार्क केली की पिकअप निघून जातो आणि ते नाक राहतं हवेत. त्याच्या मागे दोन लोखंडी पाय, बाकी वजन टायर आणि कमानपाट्यांवर. म्हणजे घर रबरावर आणि स्प्रिंगवर उभं. त्या नाकातच बेडरूम असते, आणि मावशीने कौतुकाने तीच आजीला दिली. घोळ इथेच झाला.

पहिल्याच पहाटे चारला काका ड्यूटीसाठी उठले, फ्रिजपर्यंत चालत गेले, आणि आजी शाल गुंडाळून बाहेर पायरीवर येऊन बसली. मी विचारलं तर म्हणाली, "हालायलंय गं पोरी."

आजीचं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, लोक दमून झोपलेले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. आई तेव्हा अकरा वर्षांची, मावशी सात. त्या दोघींना आजीने ओढून काढलं, धाकट्या नणंदेला नाही काढता आलं. आई यावर कधीच बोलत नाही. आजीही नाही. फक्त तेव्हापासून ती उशाशी काठोकाठ भरलेला पेला ठेवते. पाणी हललं की बाहेर. अमेरिकेतही तिने तो पेला बॅगेतून आणला होता.

तिसऱ्या दिवशी ती मावशीला म्हणाली, "माझं परतीचं बघ." मावशी आईला सहा वर्षांनी भेटत होती. काही बोलली नाही, कणीक मळत राहिली. बराच वेळ मळत राहिली.

रविवारी मी आणि काका ट्रेलरखाली शिरलो. मला वाटलं, सोपं आहे, मागचे दोन्ही जॅक चांगले आवळले की झालं. काका पान्हा आणायला गेले आणि मी एका कोपऱ्याचा जॅक जीव खाऊन फिरवला. तेवढ्यात आतून आजीची हाक आली. दार उघडत नव्हतं. फ्रेमला पीळ बसला होता आणि दाराची चौकट आवळली होती. दार अडकणं म्हणजे आजीला काय, हे मला ती हाक ऐकून कळलं. थरथरत्या हाताने जॅक उलटा फिरवला. दार उघडलं. काका ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "तो जॅक टेकवायचा असतो, उचलायचा नसतो." व्हायवात झापलं तरी इतकं लागत नाही.

मग शिस्तीत. काकांनी पिकअप मागे घेऊन पिन परत अडकवला, म्हणजे पायांवरचं वजन गेलं. जमीन उतरती असल्याने पाय फार लांब बाहेर आले होते. त्यांच्याखाली जाड लाकडी ठोकळे घातले आणि बाहेर आलेला भाग अर्ध्यावर आणला. का? तर एसओएममध्ये घोकलेलं डिफ्लेक्शनचं सूत्र, त्यात लांबीचा घन येतो. लांबी अर्धी, तर वाकणं आठवा हिस्सा! नळीत नळीची ढील वेगळी, तिला सूत्र नाही. पिकअप पुन्हा काढला. दोन्ही बाजूंना पुढच्या-मागच्या टायरच्या मधे कात्रीसारखे चॉक घालून पान्ह्याने ताणले, की चाकांची पुढे-मागे कुरकुर बंद. किंग पिनखाली तिपाई. शेवटी पायाच्या खालच्या टोकापासून फ्रेमपर्यंत तिरप्या पट्ट्या. चौकोन डुलतो, त्रिकोण डुलत नाही. पहिल्या वर्षी हे वाक्य मी पाठ करून मार्क घेतले होते.

मीटर म्हणून आजीचाच पेला. काकांना आत चालायला लावायचं, मी पाण्याकडे बघायचं. आधी पाणी चादरीवर सांडत होतं, शेवटी नुसती एक लहर उठायची. शून्य झालं नाही. वादळी वाऱ्याच्या रात्री आजी सोफ्यावर झोपायची, तो चाकांच्या वर आहे, तिथे कमी कळतं. (हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं!)

त्या रात्री मी तिच्या शेजारीच आडवी झाले, पण झोप मलाच येईना. चारला काका उठले. पेल्यात एक बारीक गोल उमटला. आजीने डोळा उघडून पाण्याकडे पाहिलं, जरा वेळ कान दिला.

"जावईबापू उठले," म्हणाली आणि कूस बदलली.